शिशाचे तुकडे

मी जलतरण तलावावर जीवरक्षक आहे. लोकांना बुडू न देणं हीच माझी नोकरी. त्या डिसेंबरात मात्र एक बाई रोज सकाळी बुडायला येत. पन्नाशीच्या, अंगाने किरकोळ, मूळच्या उमरेडकडच्या. संशोधनासाठी त्या बर्फाखालच्या समुद्रात उतरणार होत्या. तिथल्या थंडीत नेहमीचा पोशाख चालत नाही, म्हणून आत पाणीच न शिरणारा ड्राय सूट घेतला होता.

पण त्या सूटमध्ये हवा राहते. आधीच्या पोशाखाला पुरायचा तेवढ्याच वजनाचा पट्टा कमरेला बांधून उतरल्या, तर फुगवलेल्या ट्यूबसारख्या तरंगत राहिल्या. मी काठावरून शिशाचा एकेक तुकडा देत होतो. त्या तो पट्ट्यात ओवत, श्वास धरून स्थिर होत, नकारार्थी मान हलवत आणि पुन्हा हात पुढे करत.

"ताई, इतकं वजन काहून? बुडाची भीती नाही वाटत?"

त्या हसल्या. "बुडाची नाही, दादा. हलकी राहिली तर वर जाऊन बर्फाले चिकटीन. अन् बाहेर निघाचं भोक एकच राहते."

पुढचा तुकडा मी दोन्ही हातांनी दिला.

या वेळी पाणी त्यांच्या डोळ्यांपाशी थांबलं. श्वास सोडून त्या सावकाश खाली गेल्या. पाठीवरच्या टाकीतली थोडी हवा सूटमध्ये घेतली आणि तळापासून हातभर वर, कशालाही न शिवता, आडव्या थांबल्या. पोहणारे सगळे काठाशी गोळा झाले. पाण्यात माणूस असा राहू शकतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

वर येऊन त्यांनी पट्टा सोडला. तो उचलताना माझी कंबर वाकली.

"समुद्र खारा राहते," त्या म्हणाल्या. "तिथं माणूस अजून तरंगते. याच्याहून जास्त वजन लागन."