जाळ्यात सापडलेलं सील

"सील कुठे आहे?" गिरणीमालकाच्या वकिलांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा मी पंचनाम्याचा कागद उलटून पाहिला.

मी फूड इन्स्पेक्टर. भेसळीचा कायदा नवा होता आणि मीही. धानोऱ्याच्या गणपतभाऊंच्या दुकानात मी बेसनाचं शिवलेलं पोतं फोडून सॅम्पल घेतलं होतं. लेबलवर चांद्याच्या गिरणीचं नाव, 'शुद्ध हरभरा बेसन' आणि पोत्याचा नंबर ४१७. लॅबोरेटरीचा रिपोर्ट आला, त्यात निम्मं पीठ लाखोळीचं. लाखोळी म्हणजे धान कापल्यावर त्याच बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, होणारी स्वस्त डाळ. पीठ बेसनासारखंच पिवळं, पण रोज पोटभर खाल्लं तर पाय लुळे पडतात.

आरोपी दोघे, गणपतभाऊ आणि गिरणीमालक. पोतं गिरणीतून बंद आलं हे सिद्ध झालं तर गणपतभाऊ सुटणार होते. पण मालक म्हणाला, आमच्या प्रत्येक पोत्याच्या सुतळीवर शिशाचं सील असतं. पंचनाम्यात सील नाही, म्हणजे दुकानदारानेच पोतं उसवून लाखोळी मिसळली.

सील होतं. मीच ते सुतळीसकट कापून फेकलं होतं आणि पंचनाम्यात नुसतं 'शिवलेले पोते' लिहून मोकळा झालो होतो. माझ्या आळसापायी एक सरळ माणूस तुरुंगात जाणार होता. मला गणपतभाऊंकडे बघवत नव्हतं.

पुढची तारीख आठ दिवसांनी. आमचे साहेब म्हणाले, "सील शोधा. नाहीतर दुसरी नोकरी शोधा."

धानोऱ्याला जाऊन मी दुकानाचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. गणपतभाऊंची बायको बराच वेळ बघत होती.

"काय शोधून राह्यले साहेब?"

"पोत्याचं शिसं. मी कापून टाकलं होतं ते."

"शिसं कोन फेकते जी? माह्या भावानं नेलं. जाळ्याले बांधते थो."

तिचा भाऊ तलावावर होता; गणपतभाऊ मला तिकडे घेऊन गेले. त्याने जाळं ओढून बांधावर पसरलं. जाळ्याच्या काठाला वजनासाठी वर्षानुवर्षांची सिलं बांधलेली. त्यात एका तुकड्यात सुतळी अजून अडकलेली होती. चिखल पुसला. गिरणीची खूण, आणि खाली ४१७.

"ही सुतळी काऊन नाई काढली?" गणपतभाऊंनी विचारलं.

"लय घट्ट होती. तशीच बांधली."

मी तिथेच बसकण मारली. हसू आवरेना. मग पंच बोलावले आणि या वेळी पंचनाम्यात चिखलसुद्धा लिहिला.

जाळं तसंच कोर्टात नेलं. मॅजिस्ट्रेटनी एका हाताने नाकाला रुमाल लावला आणि दुसऱ्या हाताने लेबलशी नंबर ताडून पाहिला. सील न उघडलेलं, सुतळी चाकूने कापलेली, म्हणजे मी कापेपर्यंत पोतं गिरणीतून आलं तसंच बंद होतं. वकिलांचे प्रश्न संपले. गणपतभाऊ सुटले, मालकाला शिक्षा झाली. बाहेर आल्यावर गणपतभाऊंनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. शिव्या खायची तयारी होती माझी, हे त्याहून जड गेलं.

जाळं परत मिळालं, पण मालक अपिलात गेला, त्यामुळे सील कोर्टातच राहिलं. धानोऱ्याला गेलो की गणपतभाऊंचा मेव्हणा विचारायचा, "साहेब, आमचं शिसं कधी भेटते?" अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्याचं जाळं एका बाजूने हलकंच पडत राहिलं.

त्यानंतर मी पोतं फोडलं की आधी सीलसकट सुतळी खिशात घालायचो, मगच पिठात हात.