ओटी कोणाची भराची?

बायांनो, आज सकाळी सर्वात पहिले दारात आली ते माह्या नातीची सासू. चप्पल काढ्याच्या आधीच तिचं तोंड सुरू. मागून माही नात शांता, अन् शांतेची पेटी घेऊन मान खाली घातलेला आमचा जावई. पेटी पाहूनच मी समजली, पोरीले माहेरी टाकाले आणलं.

"लगन होऊन इतके वर्षं झाले, लेकरू नाही," विहीण म्हणे. "आम्ही दुसरी पाहून राह्यलो."

पोरगी घरी आली तं ओटी भरावी लागते, म्हणून मी नारळ अन् तांदूळ घेतले. तं विहीण खेकसली, "वांझोटीची ओटी कायले भरता?"

तवा जावई उठला. त्यानं आपलं उपरणं पसरलं.

"आजी, भराची असंन तं माही भरा. दोष माह्यात हाय. यवतमाळच्या डाक्टरनं वीर्य तपासलं. अंडाजवळच्या शिरा फुगल्या हायेत. आपरेशन केलं तं सुधरू शकते."

"चूप बस! माणसात कुठं दोष असते?" त्याची माय ओरडली.

"मंग न तपासता पोरीत कसा सापडला, विहीणबाई?" म्हणत मी त्याच्या उपरण्यात नारळ टाकला. शांता रडता रडता हासली. मले तं नाचावंसं वाटलं!

किती पोरी अशाच माहेरी सडल्या, बायांनो. तुमच्या इकडं एका तरी पोराले कोणी तपासलं काय?

विहीण फणफणत गेली. जावई म्हणे, "सोमवारी शांतेले घ्याले येतो. आपरेशनले शांताच संग पाह्यजे."