हिंदुराव खेळाचा तळ बघतात

बावड्याच्या हिंदुरावांना कुणी फसवल्याचं आजवर ऐकिवात नाही. माणूस सरळ, पण संशय रक्तातच. स्वतःची बाग सांभाळून ते एका व्यापाऱ्यासाठी डाळिंबंही खरेदी करायचे. क्रेटमधल्या वरच्या लालभडक फळांकडे ते ढुंकूनही बघत नसत. सगळं क्रेट गोणपाटावर पालथं करायचं आणि आधी तळ बघायचा. विकणारा ओरडायचा, "आबा, फळाला मार लागंल!" हिंदुरावांवर ढिम्म परिणाम नाही. आपल्या बागेतला माल भरताना मात्र ते डागी फळं मुद्दाम वर ठेवायचे आणि मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "माझ्या मालाचा तळ कुणीबी बघावा."

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीचं, मोनाचं लग्न जमत होतं. मुलगा लोणी भापकरचा. नाव अविराज. बारामतीत दूध तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी, निर्व्यसनी, घर चांगलं. छंद विचारल्यावर म्हणाला, व्हिडिओ गेम. जग जळून खाक झाल्यावर उरलेली माणसं कशी जगतात, असा कसलासा खेळ होता आणि त्याचे चार भाग होते. एकोणतिसाव्या वर्षी खेळ! हिंदुरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवत सहज विचारलं, "त्यातला चांगला कुठला?"

"चौथा. सगळेच म्हणतात," अविराज म्हणाला.

दीड महिन्याने पुढची बोलणी झाली. मोनाच्या मामांनी गंमत म्हणून तोच प्रश्न केला, तर पठ्ठ्या म्हणाला, "दुसरा."

झालं! हिंदुरावांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पाहुणे गेल्यावर प्रयागबाईंनी नवऱ्याला समजावलं, "खेळ हाय त्यो. कुणाला कवा काय आवडंल!"

"दीड महिन्यात माणूस फिरला. तळाला कायतरी हाय."

खरी भीती वेगळीच होती. मोनाला बाराव्या वर्षापासून फिट यायच्या. गेल्या सहा वर्षांत एकही आली नव्हती, पण दोन्ही जेवणांनंतरची गोळी चालूच होती. लग्न लागेपर्यंत याचा ब्रही काढायचा नाही, अशी हिंदुरावांची घरात सक्त ताकीद होती. गोळीला त्या घरात गोळीसुद्धा म्हणत नसत. "ते घेतलंस का?" एवढंच. आता अविराजला कुणी सांगितलं तर नसेल? पोरगा आतून फिरला असेल आणि तोंडाने नुसतं गोड बोलत असेल तर?

रविवारी दुपारी, न कळवता, ते पिशवीभर डाळिंबं घेऊन बारामतीला अविराजच्या खोलीवर थडकले. अविराजने बनियनवरच दार उघडलं आणि तो गडबडला.

"पाव्हणं, त्यो खेळ दावा."

अविराजने आधी चौथा भाग लावला. झगमगीत शहर, तोफा, धडामधूम. "ह्यो ऱ्हाऊ द्या. दुसरा लावा," हिंदुराव म्हणाले.

दुसरा अगदीच मळकट निघाला. वैराण रस्त्यावरून एक माणूस चाललेला, मागून एक बाई. ती घडीघडीला खाली बसायची आणि तो थांबायचा. हिंदुराव डोळे बारीक करून बघत राहिले.

"ही सारखी बसती का?"

"आजारी हाय, आबा. रोज औषध लागतं. हिच्यापायी खेळ रेंगाळतो, म्हणून लोक हिला पहिल्याच गावात सोडून पुढं जातात. मीबी आधी सोडली होती."

"त्याची पिशवी उघडा. तळापतुर दावा."

अविराजने पिशवी उघडली. तळापर्यंत औषधंच औषधं.

"बंदूक न्हाय?"

"जागाच उरली न्हाय."

"ह्यो भाग कवा खेळलासा?"

"दीड महिना झाला. पुन्यांदा सुरवातीपासून."

हिंदुरावांनी पडद्यावरची नजर काढून त्याच्याकडे बघितलं. "कुणी सांगितलं तुमाला?"

"मोनानं. पोह्यांच्या दुसऱ्याच दिवशी." अविराजने खेळ थांबवला. "मला काय अडचण न्हाय, आबा. तुमी सांगाल म्हणून थांबलो होतो. पण ती फोनवर लय रडली. म्हणली, आबांना माझी लाज वाटती."

आजवर हिंदुराव समजत होते की आपण पोरीला जपतोय. पोरीला मात्र कधीच कळलं होतं की बापाने तिला डागी फळांत धरलंय. त्यांना स्वतःचीच शरम वाटली. दीड वाजून गेला होता. त्यांनी फोन लावला.

"मोने, जेवलीस का?"

"आत्ताच जेवून उठले. तुमी कुठं हाय, आबा?"

"बारामतीत. अविराजरावांच्या खोलीवर. हितंच बसल्यात समोर."

हिंदुरावांनी घसा खाकरला आणि जरा मोठ्यानेच विचारलं, "फिटची गोळी घेतलीस का?"

बराच वेळ नुसता नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. मग मोना म्हणाली, "घेते, आबा."