मुकादमांच्या टबातली जलपर्णी

तळ्यातली जलपर्णी काढणाऱ्या टोळीचे मुकादम म्हणजे बोलायला एक नंबर. सुट्टीच्या दिवशी हौशी मंडळी रबरी बूट घालून मदतीला यायची, तेव्हा पाण्यात उतरण्याआधी मुकादमांचं भाषण ठरलेलंच. ही वनस्पती आपल्याकडची नव्हे, हे पहिलं वाक्य. पाण्यावर पसरते, खालच्या माशांचा श्वास कोंडते, बघता बघता एकीच्या शंभर होतात, हे पुढचं. आणि शेवटी आवाज चढवून सांगायचे, की कुणा रंगेल माणसाने बायकोला खूश करायला ही जांभळी फुलं परमुलखातून उचलून आणली असणार. त्यालाच आधी या तळ्यात बुडवला पाहिजे. मंडळी हसायची आणि कामाला लागायची.

मुकादमांना स्वतःला रंगेलपणाचा वाराही लागला नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोसाठी हातात काही घेऊन घरी आले असतील तर शपथ. अपवाद एकच. एकदा कचेरीने तपासणीसाठी जलपर्णीचं फुललेलं रोप नमुना म्हणून मागितलं. मुकादम तळ्यावरून निघेपर्यंत कचेरीला कुलूप लागलेलं, म्हणून रोप बादलीत घालून ते घरी आले. बायकोने दार उघडलं, फुलं पाहिली आणि चक्क लाजली. माझ्यासाठी का, म्हणून विचारलं. आता यावर 'नाही, कचेरीसाठी' असं सांगायला माणूस दगडाचाच हवा. मुकादम नुसतं "हं" म्हणाले. पुढे तळ्यावर कुणी त्यांना नमुना मागितला नाही. कचेरीचा कारभारच तसा, आज बोंब मारायची आणि उद्या विसरायचं. त्यांनीही विषय काढला नाही.

मागच्या अंगणातल्या जुन्या टबात ते रोप फोफावलं. बायकोने त्याचे लाड लाड केले. डास नकोत म्हणून दर सुट्टीला ती पाणी बदलायची. जास्तीची पिल्लं उन्हात फेकायला तिचा जीव धजायचा नाही, म्हणून पाण्याबरोबर गटारात सोडायची. जगली तर जगू देत बिचारी, म्हणायची. टब कलता करायला मुकादम दुसऱ्या बाजूने हात लावायचे, आणि मग बूट चढवून तळ्यावर भाषणाला जायचे. ते गटार पुढे कुठे जातं, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नाही. गटारांचं खातं वेगळं होतं ना!

वर्षभर राबून तळं स्वच्छ झालं. थोड्याच दिवसांत एका कोपऱ्यात पुन्हा हिरवं दिसायला लागलं. काढलं, परत आलं. मुकादमांनी त्या रंगेल माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कचेरीत आलेल्या नव्या साहेबबाई मात्र भाषणावर भागवणाऱ्या नव्हत्या. त्या कोपऱ्यात एक गटार उतरतं हे त्यांनी हेरलं, आणि हौशी मंडळींना घेऊन गटाराच्या काठाकाठाने वर चालत निघाल्या. सगळ्यांच्या पुढे कोण? अर्थात मुकादम. गुन्हेगार सापडला की चारचौघांत त्याची खरडपट्टी काढायची, म्हणून ते तरातरा चालले होते. आपलंच मागचं दार दिसलं तेव्हा ते हळूच सगळ्यांच्या मागे सरकले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

बायको टबापाशीच होती. एवढी माणसं फुलं बघायला आली असं वाटून ती खुलली. बाईंनी विचारलं, ही कुणी आणली.

"यांनी," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

मंडळी मुकादमांकडे वळली. कुणीतरी खोकल्याच्या निमित्ताने हसलं. बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी स्वतःच वाट काढून दिली: कचेरीच्या कामासाठी, नमुना वगैरे म्हणून आणली होती का? तसं असेल तर मुकादमांवर काही येणार नाही. किती सोपं होतं! खरं बोलायचं आणि सुटायचं. मुकादमांनी बायकोकडे पाहिलं. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि ती खाली बघत होती.

"नाही," ते म्हणाले. "हिच्यासाठीच आणली."

मग व्हायचं ते झालं. टब रिकामा झाला, रोपं वाळायला टाकली गेली आणि मुकादमांची बदली झाली. कुठे, तर गटार खात्यात. तळ्यावरचं भाषण आता त्या हौशी मंडळींतलाच एकजण करतो, आणि शेवटचं वाक्य जरा जास्तच रंगवून म्हणतो.

पण बायको बोलली ती टब रिकामा झाला त्याच संध्याकाळी. दोघं रिकाम्या टबाशेजारी बसली होती. ती फुलांसाठी रुसली असणार असं मुकादमांना वाटत होतं, आणि समजूत कशी काढतात ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"खरं सांगितलं असतंत तर सुटला असतात," ती म्हणाली.

"कसलं खरं?"

"नमुन्याचं. दुसऱ्याच दिवशी कचेरीतला शिपाई आला होता न्यायला. तुम्ही तळ्यावर गेला होतात." तिने पदराने टबाची कड पुसली. "मी सांगितलं, यांनी घरी काहीच आणलं नाही."