मागून ढकलणारं डिझेल

शनिवारी सकाळी अमेरिकेतल्या तिच्या घरून, वेस्ट विंडसरहून, निघतानाच माझ्या लेकीनं, केतकीनं, बजावलं, "बाबा, तिकडे कुणाला शिकवायला जाऊ नका हं, प्लीज." मी कशाला शिकवतोय! दौंडच्या शेडमध्ये बारा वर्षं वाफेच्या इंजिनावर फायरमन होतो, पुढे डिझेल चालवून रिटायर झालो. मला फक्त बघायचं होतं. तिनं ऑनलाइन काढलेल्या तिकिटांवर ठसठशीत लिहिलं होतं, 'वाफेच्या इंजिनाचा प्रवास'. आठवडाभर घरात मी दुसरं काही बोललो नव्हतो.

दोन तासांनी पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरांत पोचलो. लाकडी स्टेशन, कुंड्यांत लाल फुलं आणि फलाटाला काळंभोर इंजिन. कोळशाचा नि गरम तेलाचा वास आला आणि मला भरून आलं. "झालं सुरू," म्हणत बायकोनं, सुमननं, रुमाल पुढे केला.

इंजिनावर ऐंशी गाठलेला एक म्हातारा होता, मायकल. मीही फायरमन होतो म्हटल्यावर खाली उतरला, माझ्या मनगटावरचा भाजल्याचा डाग पाहिला आणि बाही सारून स्वतःचा दाखवला. मूळचा आयर्लंडचा.

"अठराव्या वर्षी लिमरिकच्या शेडला लागलो. दोन वर्षांत बोटीनं डिझेल इंजिनं आली, इथूनच, अमेरिकेतून. आमची आग विझली."

"मग इथेच कसे आलात?"

"म्हटलं, ज्यांनी भाकरी काढून घेतली, त्यांच्याकडेच मागावी."

गाडी सुटली. थोड्या वेळानं चढ लागला. चढावर इंजिनाची भकभक जड होते, दमल्या माणसाच्या श्वासासारखी. फायरमनला ते झोपेतही कळतं. इथे चढ वाढला तरी आवाज जसाच्या तसा! वळणावर मी खिडकीतून मागे वाकून पाहिलं, तर गाडीच्या शेपटाला डिझेल! आपल्याकडे घाटात बँकर (मागून ढकलणारं इंजिन) लावतात, पण ते मदतीला. इथे सगळं ओझं त्याच्यावर, आणि पुढचं नुसतं नवरदेवासारखं मिरवतंय. अरे, ही काय थट्टा आहे?

वरच्या स्टेशनावर मी मॅनेजरला गाठलं. तरुण, गोड बोलणारा.

"तिकिटावर वाफ, आणि गाडी चढवतंय कोण?"

"सेफ्टीसाठी आहे, सर. आणि खरं सांगू? कुणाच्या लक्षात येत नाही."

"माझ्या आलं ना!"

त्यानं मला आइस्क्रीमचं कूपन दिलं. कूपन! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, तो माणूस आग सांभाळायला बसलाय, आणि तुम्ही त्याला लोकांना हात हलवायला बसवलंय!"

केतकी लाल झाली होती. "बाबा, सीन करू नका यार."

मायकलनं मला इंजिनाजवळ बोलावून घेतलं. "सहा वर्षं दर शनिवारी विचारतोय," तो म्हणाला. "एकदा, फक्त एकदा हा चढ माझ्या आगीवर चढू द्या. दर शनिवारी नाही."

मग त्यानं कोळशाचं फावडं गरम पाण्यानं धुतलं, लोणी लावलं, दोन अंडी फोडली आणि भट्टीत सरकवलं. अगदी आमच्या दौंडसारखं! त्या आगीला आता तेवढंच काम उरलं होतं. मी अंडं खात मॅनेजरच्या नावानं शंख करत होतो. डिझेलनं जगाचं वाटोळं केलं, असंही म्हणालो.

"पुरे झालं," सुमन म्हणाली. "डिझेलवर घेतलं तेव्हा तुम्हीच आळीभर पेढे वाटले होते. शर्ट पांढरा राहणार म्हणून."

केतकीनं लगेच ते मायकलला इंग्रजीत सांगितलं. तो हसला नाही. "आणि ज्यांना घेतलं नाही, ते?" त्यानं विचारलं.

मी रिकामं फावडं त्याच्या हातात दिलं. तो पुन्हा इंजिनावर चढला.

परतीच्या वाटेवर केतकी ड्राइव्ह करत होती. कूपन माझ्या खिशात तसंच होतं. मॅनेजरवरचा राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही. फसवणूक ती फसवणूकच.

"बाबा, कोण होते ते? ज्यांना घेतलं नाही?"

"रामभाऊ. माझा जोडीदार. एकाच इंजिनावर नऊ वर्षं आळीपाळीनं कोळसा टाकला. डिझेलच्या परीक्षेत तो नापास झाला. मग शेडमध्ये झाडू मारायचा."

"त्यांनाही पेढे दिलेत?"

"सगळ्यात आधी त्याच्याच घरी गेलो."

"मग?"

"त्यानं पेढा घेतला, 'चांगलं झालं' म्हणाला, आणि दार लावून घेतलं."