आरतीच्या प्रबंधातलं एक नाव

आरती माझ्याकडे भाडेकरू म्हणून आली ती १२ जुलै २०१७ रोजी. त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलं आहे : 'मुलगी तिसगावकडची. समाजशास्त्रात पीएच.डी. करते. सामान एक पेटी, एक गादी, पुस्तकं फार.'

तिचे आईवडील, छबूबाई आणि बन्सी, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात आणि उन्हाळ्यात परतत. आरती आजीजवळ राहून शिकली. प्रबंधाला विषय तिने तोच घेतला, ऊस तोडणाऱ्या बायका.

ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरतात. मुकादमाच्या वहीत त्या कोयत्यापुढे नाव असतं ते नवऱ्याचं. छबूबाई बावीस हंगाम राबली. त्या वहीत तिचं नाव कधी लागलं नाही.

चाळीस बायकांच्या मुलाखतींत आरतीने आईचीही घेतली, ऊसतोडीच्या तळावर, पाचटाच्या कोपीबाहेर बसून, मोबाईलवर रेकॉर्ड करत. त्या दिवशी छबूबाईने जे सांगितलं ते बन्सीलाही ठाऊक नव्हतं. सांगून झाल्यावर विचारलं,

"माजं नाव टाकशील ना गं त्येच्यात?"

"टाकते की."

"छापील?"

"छापील."

आरतीला नियम माहीत होता. मुलाखत देणारीची ओळख उघड करायची नाही, प्रबंधात फक्त क्रमांक द्यायचा. "आईच होती हो काकू, तोंडातून निघून गेलं," ती मला म्हणाली. मी सुचवलं, अर्पणपत्रिकेत घाल. त्यावर तिने मान हलवली. "माझी मुलगी कॉलेजात मोठं शिकते, असं तिनेच सांगितलंय मुलाखतीत. पहिल्या पानावर तिचं नाव दिसलं की वाडीतले लोक तिची मुलाखत बरोबर शोधून काढतील." शेवटी तिने अर्पणपत्रिकेत एवढंच छापलं : 'सर्व कोयत्यांना'.

जून २०२३ मध्ये तिची तोंडी परीक्षा झाली आणि त्याच आठवड्यात छबूबाई पेढे घेऊन आली. पाय धुऊन आत आली आणि बांधलेला प्रबंध मांडीवर घेऊन बसली.

"लई जड हाय की. मोळीवानी."

बचत गटात ती सही करायला शिकली होती. स्वतःच्या नावातली अक्षरं तेवढी ओळखायची. एकेका पानावर बोट फिरवत ती पुढे जात राहिली. आरती आत चहा करत होती. चहा उकळून उतू गेला तरी ती बाहेर येईना.

"ह्यो छ हाय," छबूबाई मला म्हणाली.

तो शब्द 'छप्पर' होता. मी तसं सांगितलं. तिने पान उलटलं.

बऱ्याच वेळाने आरती शेजारी येऊन बसली आणि तिने आईला क्रमांक दाखवला. तो आकडा मी इथे लिहीत नाही.

"लोकांना कळू नये म्हणून, आई."

"लोकांचं न्हाई गं. मला दिसाया पायजे हुतं." मग ती हसली. "आसू दे. मुकादम बी म्हनतो, बाईचं नाव कशाला, कोयता तर एकच हाय. तू त्येच्याहून लई शिकलीस."

संध्याकाळच्या एसटीने ती गेली. त्या वर्षीच्या हंगामात, २०२४ च्या जानेवारीत, कारखान्याच्या तळावर तापाने वारली. आरती पोहोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

तेरावं झाल्यावर आरती प्रबंध घेऊन माझ्याकडे आली.

"ही घरची प्रत आहे, कुणाच्या हाती जाणार नाही. तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे, काकू. आईचं नाव लिहा."

मिशनच्या शाळेत सिस्टरांनी घोटून घेतलेलं अक्षर. मी शाईचं पेन काढलं. अर्पणपत्रिकेच्या पानावर मधोमध, सरळ ओळीत, कुठल्याही अर्जावर लिहावं तसं पूर्ण नाव लिहिलं : छबूबाई बन्सी ढाकणे.

मधलं, नवऱ्याचं नाव छबूबाईने मागितलं नव्हतं. ते मला शेवटचं अक्षर पूर्ण झाल्यावर कळलं. पुसायला गेले असते तर डाग पसरला असता, आणि खोडणं तर त्याहून वाईट.

"राहू द्या, काकू," आरती म्हणाली. शाई वाळेपर्यंत ती प्रबंध उघडाच धरून बसली.