पूर्णा गावच्या गोदामातलं गाणं आणि माझं भाषण

चौथीचा वर्ग एका सुरात कविता म्हणू लागला की त्या किनऱ्या आवाजांच्या खालून आणखी एक आवाज यायचा. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हाक मारावी तसा, भरलेला, घुमणारा. तो वनिताचा. भिवंडी तालुक्यातली ती शाळा सोडून मी नाशिकला आलो त्याला जमाना झाला, पण पहाटे अर्धवट जागेपणी एखादी कविता ओठांवर आली तर ती अजून त्याच आवाजात येते.

म्हणून तिच्या वडिलांचा, बाळारामशेठचा फोन आला तेव्हा मी लगेच पिशवी भरायला घेतली. "गुरुजी, पोरगी गानार हाय आपले गोदामान. तुमी न्हाय आलं तं शोभा न्हाय," एवढंच ते म्हणाले.

वनिता आता मेझो-सोप्रानो आहे. पाश्चात्त्य शास्त्रीय गायनात बायकांच्या अगदी उंच आणि अगदी खालच्या आवाजांच्या मधला जो आवाज, त्याचं हे नाव. सातवीनंतर ती वसईला आत्याकडे राहिली, तिथल्या चर्चच्या गायकवृंदात शिरली, तिथून मुंबईच्या गुरूकडे. बाळारामशेठनी भाताची खाचरं गोदामांना दिली त्या वर्षी ती परदेशीही शिकून आली. हल्ली मुंबईत कार्यक्रम करते, मुलींना शिकवते.

नाशिकहून जाणार असाल तर भिवंडीची नको, ठाण्याची एसटी धरा. तिकीट परवडणारं, आणि मानकोली नाक्यावर उतरता येतं. कसारा घाटात उजवीकडची खिडकी मिळाली तर अर्धे पैसे तिथेच वसूल. शहापूरला गाडी थांबते तिथला वडा बरा, चहा मात्र नुसताच गोड. मानकोलीहून शेअर रिक्षा. मी पूर्णा गाव म्हणालो तर रिक्षावाला म्हणाला, "गाव तो गोडाउन के पीछे चला गया, चाचा. नंबर बोलो." नंबर मला कुठला माहीत! ज्या बांधावरून मी मुलांना पावसाळी कविता शिकवत नेलं होतं, तिथे आता कंटेनरचे ट्रक शेपट्या वळवत उभे होते. मी मनातल्या मनात ओळी जुळवत राहिलो आणि दोन गेटं पुढे निघून गेलो.

शेठच्या घरी तांदळाच्या भाकऱ्या आणि कोळंबीचं कालवण होतं. शेठ वाढत होते, वहिनी त्यांना चिडवत होत्या, की लेकीचा घसा खवखवेल म्हणून तीन दिवस घरात कुणाला मिरची कुटू दिली नाही या माणसानं. वनिता जेवली नाही. तिनं मला शांतपणे सगळं सांगितलं. परदेशातल्या एका संगीतनाट्य मंडळीला निवडीसाठी गाणं ध्वनिमुद्रित करून पाठवायचं होतं. सलग, एका दमात, मध्ये काही न जोडता. त्यांची वयाची अट अशी, की तिला ही शेवटचीच संधी. स्टुडिओत आवाज कोंडतो, मोठा हॉल परवडत नाही, आणि बाबांचं नवं गोदाम सोमवारी भाडेकरू येईपर्यंत रिकामं होतं. तिथे आवाज देवळाच्या गाभाऱ्यासारखा फिरतो.

अडचण एकच. गोदामामागे यंत्रमागांची शेड. लूम चालू असताना तिथे शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. पण दुपारी लोडशेडिंग असायचं. वीज गेली की लूम बंद, कामगार खाटा ओढून बाहेर. तेवढ्या शांततेत गाणं उरकायचं. रेकॉर्डर बॅटरीवर, पियानो मुंबईहून टेम्पोतून आणलेला, आणि पियानो वाजवायला डॉली बाई नावाच्या, पांढऱ्या बॉबकटच्या, करड्या शिस्तीच्या बाई.

वनिताला श्रोते नको होते. पण मुलगी गाणार आणि गावानं बसायचं नाही, हे शेठना पटणं शक्य नव्हतं. सतरंजीवर पंचवीस-तीस माणसं आली. "संपेपर्यंत टाळ्या नकोत," वनितानं बजावलं. शेठनी माझ्या कानात सांगितलं, की संपलं की शाल-श्रीफळ गुरूच्या हातून, आणि दोन शब्द.

वीज गेली. एकेक लूम धापा टाकत थांबला. मग असं शांत झालं, की पत्र्यावर चिमणी चालली तरी कळावं. ती गायला लागली. भाषा जर्मन, मला अक्षरही कळलं नाही, पण डोळे भरले. रांजणातला आवाज मोठा होऊन आला होता. आणि मग ती थांबली. मान खाली, डोळे मिटलेले. पियानोही थांबला. शेठनी मला कोपरानं ढोसलं. मी शाल-श्रीफळाचं ताट घेऊन उठलो.

तिच्या खांद्यावर शाल घातली, नारळ हातात दिला. पत्र्याचं छप्पर टाळ्यांनी दणाणलं. आणि मी बोलायला लागलो. बालभारतीतल्या कोकिळेपासून सुरुवात केली, आंब्याच्या मोहरावरून खाडीवर आलो, खाडीवरून सरस्वतीवर. माझ्या आवाजालाही तिथे घुमारा येत होता, तो मला आवडला. वनिता नारळ धरून उभी होती. तिनं एकदाही मला अडवलं नाही. गुरुजी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हे तिला मीच शिकवलेलं.

मी थांबल्यावर ती माझ्या पाया पडली आणि वाकल्या वाकल्या हळूच म्हणाली, "गुरुजी, गाणं चालू होतं. ती शांतता गाण्यातलीच होती."

डॉली बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही. वनितानं शाल घडी करून पियानोवर ठेवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्या शांततेच्या जागेपर्यंत ती पुन्हा आली, मान खाली घातली, आणि तेवढ्यात मागे एक लूम खटखटला. मग दुसरा. मग सगळी शेड. वीज आली म्हणून बाहेर पोरांनी आरोळी ठोकली. ती शेवटपर्यंत गाते आहे हे फक्त तिच्या ओठांवरून कळत होतं.

कुणी मला एक शब्द बोललं नाही, हेच वाईट. शेठ उलट म्हणाले, भाषान झकास झाला. वनितानं मला मानकोली नाक्यापर्यंत सोडलं, पाण्याची बाटली घेऊन दिली, घाटात गारठा असेल, मफलर गुंडाळा म्हणाली. पुढे काय करणार, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. परतीच्या वाटेवर कुठली खिडकी मिळाली, शहापूरला गाडी थांबली की नाही, काहीही आठवत नाही.

चार दिवस झाले. भिवंडीला काय पाहिलं असं शेजारी विचारतात, मी कोळंबीचं सांगतो. जन्मभर मुलांना म्हणत आलो, की कवितेत ओळ जिथे थांबते तिथेही कविता असते. फळ्यावर लिहून दिलं आहे मी हे. आणि माझ्यापुढे कुणी खरोखर थांबलं, तेव्हा ती जागा मला माझ्यासाठीच रिकामी केलेली वाटली. आता कविता ओठांवर आली तरी मी ती म्हणत नाही.

इथवर लिहिलं होतं आणि बेल वाजली. दूधवाला समजून दार उघडलं. दारात डॉली बाई. घामाघूम, हातात छत्री, खाली रिक्षा उभी.

"मास्टरजी, इधर कॉन्व्हेंट में पियानो मिला है. दोपहर तक हॉल अपना है, रिकॉर्डिंग फिर से करेंगे," त्या म्हणाल्या. "खाली हॉल में वनिता गा नहीं सकती. सामने कोई अपना बैठना मांगता है. मैंने बोला, किसी को भी बुला, उनको नहीं. वो मानती नहीं."

माझ्या तोंडून शब्द फुटत होता. त्यांनी छत्री वर केली.

"बोलना नहीं."

मी मान हलवली आणि चपला घातल्या.